हात सुटेना

बाळ काचेच्या पेटीत होतं. नाकात नळी, अंगात त्राण नाही. नर्सनं इवलासा हात उचलून सोडला की तो ओल्या फडक्यासारखा पडायचा. डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, मग बाळंतिणीकडे, घरच्या थोरल्या लेकीकडे वळून आपला हात पुढे केला.

"अभिनंदन."

कालपासून जो तो धीर द्यायला येत होता. अभिनंदन कुणी केलं नव्हतं. थोरलीनं गोंधळूनच हात मिळवला. डॉक्टरीणबाईंनी आपला हात सैल सोडला, पण थोरलीची मूठ काही उघडेना. बोटं एकेक करून, गंजलेल्या बिजागरीसारखी सुटली.

भिंतीशी उभा असलेला तिचा बाप हसला. "आमच्या घराण्याची पकड आहे ती, डॉक्टर. जन्मभर नळ दुरुस्त केले मी, हातातला पाना कधी पटकन सुटला नाही. सोबतचे म्हणायचे, याच्या हाती लागलं ते गेलंच."

त्या हसल्या नाहीत. "आजोबा, मूठ घट्ट आवळा. आता झटकन उघडा."

त्यानं आवळली. उघडायला गेला. खोलीतले सगळे त्याच्या हाताकडे बघत राहिले.

मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. रक्त तपासायला पाठवू, पण बहुतेक हेच. ते बळ नव्हतंच. आवळलेला स्नायू सैल व्हायला विसरतो. जनुकातला दोष, पिढीगणिक वाढत जातो आणि लवकर दिसतो. बापाकडून आला तर बहुधा निभावतं. आईकडून आला की कधीकधी असा जन्मतःच उतरतो.

"यात तिची काय चूक?" बापानं विचारलं.

"कुणाचीच नाही."

"मग औषध?"

"श्वासाला आधार देतोय. मुळावर औषध नाही."

बापानं थोरलीकडे पाहिलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, धाकटीला इतक्यात काही बोलू नका."

तो बाहेर आला, तर समोरून धाकटीच येत होती. एका हातात टोपड्यांची पिशवी, दुसरा कमरेवर.

"कुणावर गेलंय हो? रडतं का खूप?"

"झोपलंय."

ती बाकावर टेकली, दम खाल्ला. "माझंही झोपाळूच निघणार. सातवा लागला तरी हालचाल म्हणून नाही. ताईचंही असंच होतं ना? सासूबाई म्हणतात, शहाणं आहे, आईला त्रास देत नाही." तिनं बापाचा हात ओढून पोटावर ठेवला. "बघा, तुम्हाला तरी काही लागतंय का."

तळहाताखाली पोट उबदार होतं. ती आणखी काही सांगायला लागली.

"थांब," तो म्हणाला. "जरा बोलू नकोस."

आणि श्वास रोखून वाट बघत राहिला.