पाटी राहू दे

शिडीवरच्या माणसाने जुन्या पाटीचा पहिला स्क्रू काढला आणि खालून ती पाटी रंगवणाऱ्या पेंटरची बायको ओरडली, "थांब रे बाबा!"

कुलपांच्या दुकानाचा मालक गडबडीने बाहेर आला. नवा झगझगीत फ्लेक्स भिंतीला टेकवून ठेवलेला होता. "काकू, रंग उडालाय हो तिचा. हवी तर तुमच्या घरी पोचवतो."

"घरी नको. इथंच राहू दे."

मालकाने वर पाहिलं. पाटी रंगवली तेव्हा तो शाळेत होता. पेंटर एकेक अक्षर काढायचे, शिडी उतरायचे, रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि एक डोळा मिटून बघत राहायचे. गाडीवाले शिव्या घालायचे, ह्यांना पत्ताच नसायचा. एवढं करून जागा पुरली नाहीच. 'दुकान'मधला 'न' कोपऱ्यात चेपला गेला. "पेंटर, शेवटच्याला उपाशी ठेवलंत की!" म्हणत त्याचे वडील पोट धरून हसले होते. आता दोघंही नव्हते. ते हसणं पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, असं त्याला फार वाटलं.

"बाकीच्या सगळ्या पाट्या गेल्या, ही एकच उरलीय," काकू म्हणाल्या. "त्यांचे डोळे मी दान केले, तुला ठाऊक आहे. दीर म्हणत होते, वहिनी, माणूस अख्खा जाऊ द्या. म्हटलं, अख्खा घरात होता कधी? अर्धा कायम शिडीवर!"

मालक हसला. काकू हसल्या नाहीत.

"कुणाला बसवले ते सांगत नाहीत. तसा नियमच आहे. पण याच शहरात असेल कुणीतरी. जाईल कधीतरी इथून."

"काकू, डोळ्यांना का ओळख राहते?"

"नाही राहत. डॉक्टरांनी सांगितलंय मला. ओळखू नये त्याने, नुसतं बघावं. एवढा जीव ओतला होता त्यांनी."

"पण त्याने बघितलं, हे आपल्याला कळणार कसं?"

"कळणारच नाही. म्हणून तर काढू नको म्हणते."

मालकाने शिडीवरच्या माणसाला स्क्रू परत बसवायला सांगितला. फ्लेक्स बाजूच्या भिंतीवर गेला.

दुपारी एक गिऱ्हाईक किल्ली हरवलेलं कुलूप घेऊन आलं. मालकाने कुलूप हातात घेतलं, पण बघत राहिला तो त्या माणसाच्या डोळ्यांकडे.

"येताना वरची पाटी बघितलीत ना?" त्याने विचारलं.