नोंदणीकृत क्रमांक

“चार,” रामनाथ सर फोनवर म्हणाले आणि थांबले.

“पुढे, सर?”

“चार म्हणजे बघा, आपलं चौथं कपाट. त्याचं दार खालून उचलून उघडावं लागतं. उचलता ना?”

“उचलते, सर. पुढचा आकडा?”

“सात.”

सातवरून सर सातवीच्या एका जुन्या वर्गावर गेले. त्या वर्गाने म्हणे एका वर्षात सगळी चरित्रं वाचून काढली होती. पाचवा आकडा यायच्या आत विनिताच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली. ओटीपीची दोन मिनिटांची मुदत संपली होती.

तलासरीच्या त्या शाळेत विनिता कंत्राटी ग्रंथपाल म्हणून लागली, त्याला आठ महिने झाले होते. ग्रंथालयाचं नवं पोर्टल शिकायला तिला दोन दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. पहिल्या दिवशी वीज नव्हती आणि दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायची होती. बाकीचं ती आपलं आपण शिकली. पुस्तकाचा फोटो काढायचा, दाखल क्रमांक घालायचा, विषय निवडायचा. कवितांच्या पुस्तकासाठी पोर्टल ‘शेती’ आणि ‘इतर’ असे दोनच विषय सुचवायचं. मधूनच फोन सीमेपलीकडचा टॉवर पकडायचा आणि गुजरातीत तिचं स्वागत करायचा. त्या शाळेत तिचं झालेलं तेवढंच स्वागत.

अडचण एकच होती. शाळेचं खातं आधीच्या ग्रंथपालांच्या, म्हणजे रामनाथ सरांच्या नंबरवर उघडलेलं होतं. सर निवृत्त होऊन धाकटी डहाणू या आपल्या खाडीकाठच्या गावी गेले, तसा नंबरही गेला. पोर्टल दर वीस मिनिटांनी माणसाला बाहेर काढायचं आणि परत आत घ्यायला सहा आकडे मागायचं. ते आकडे सरांच्या फोनवर पडायचे.

“तो मेसेज मला पुढे पाठवता येईल का, सर?” तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

“छे हो, मॅडम. आपल्याला फोन हॅलो म्हणण्यापुरता येतो. बटणं दाबायला गेलो की काहीतरी उडतं.”

मग रोज साडेदहाला पहिला फोन, आणि शाळा सुटेपर्यंत त्याच फोनच्या आवृत्त्या.

एकतीस मार्चपर्यंत सगळी बत्तीसशे पुस्तकं पोर्टलवर चढली नाहीत, तर शाळेवर ‘ग्रंथालय निष्क्रिय’ असा शेरा बसणार होता. म्हणजे पुस्तकं जिल्ह्याला, खोलीत पोषण आहाराचा तांदूळ आणि विनिता घरी. मुख्याध्यापक एक दिवस टेप घेऊन आले आणि खोली मोजून गेले. “राग मानू नका हं,” ते म्हणाले. “नुसतं मोजतोय.”

नंबर बदलून मिळावा म्हणून तिने पोर्टलवर नऊ वेळा अर्ज केला. नऊही वेळा उत्तर आलं, ‘अर्ज नाकारण्यात आला आहे.’ कारण दिलेलं नसायचं. उत्तर मात्र पाच मिनिटांत यायचं. एकदा तिने रविवारी भर दुपारी अर्ज टाकला, तरी पाचच मिनिटं. सरकारी कामात एवढी तत्परता तिने जन्मात पाहिली नव्हती.

“मी नाकारत नाय, मॅडम,” तालुक्याच्या कचेरीतला ऑपरेटर नविन म्हणाला. “सिस्टीम नाकारते.”

“ही सिस्टीम बसते कुठे?”

“आम्हाला पण अजून भेटली नाय. तुम्ही असं करा, जुन्या सरांच्या सहीचं पत्र जोडा. कागद दिसला की सिस्टीमला जरा बरं वाटतं.”

सत्तावीस मार्च उजाडला. हजार पुस्तकं झाली होती, बावीसशे बाकी होती. विनिताने हिशेब मांडून पाहिला. नंबर हातात आला, तर रोज दहा-दहा तास बसून चार दिवसांत जमत होतं. तिने पत्र लिहिलं, डहाणूपर्यंत एसटी धरली आणि पुढे रिक्षा केली.

सरांच्या अंगणात बोंबील वाळत होते. त्यांची सून चंद्रिका काठी घेऊन कावळे हाकत होती.

“बाबांना भेटायचंय? तुम्ही कोण?”

“शाळेतून आले. आम्ही रोज फोनवर बोलतो.”

चंद्रिकाने काठी खाली ठेवली. “आमचे बाबा? बोलतात?”

“थांबतच नाहीत.”

“ताई, सासूबाईंना जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून या घरात त्यांचा शब्द नाही. मीठ हवं असलं तरी बोट दाखवतात. दोन डॉक्टर झाले. सकाळी फोन घेऊन खाडीवर जातात ते संध्याकाळीच येतात. आज तेवढे घरी आहेत.”

आपण घर चुकलो, असं विनिताला वाटलं. पण आतून आवाज आला, “या मॅडम, या! कितीवर आलो आपण?”

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली चंद्रिका दारातच थबकली.

इस्त्रीचा सदरा घातलेल्या सरांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि लफ्फेदार सही ठोकून चष्मा काढून ठेवला. “एकतीस वर्षं घातली मी त्या खोलीत. तिथे तांदूळ? अहो, लागल्या तर आणखी चार सह्या करून देतो.”

विनिताला भरून आलं. आठ महिने या माणसाला आपण मनातल्या मनात काय काय बोललो, या विचाराने तिने मान खाली घातली. तिने पत्राचा फोटो काढला, जोडला आणि तिथे बसूनच दहावा अर्ज पाठवला.

टेबलावरचा सरांचा फोन वाजला. पडद्यावर एक चौकट उघडली. विनिता समोर बसली होती, तिला अक्षरं उलटी दिसत होती, पण वाचता आली. ‘आपला नोंदणीकृत क्रमांक बदलण्याचा अर्ज आला आहे. संमती द्यायची? हो. नाही.’

सरांनी चष्मा लावला नाही. त्यांचा अंगठा सराईतपणे खाली गेला, ‘नाही’वर टेकला आणि परत वर आला.

विनिताच्या हातातला फोन थरथरला. तिने तो पाहिला नाही.

“मग,” रामनाथ सर म्हणाले, “उद्या साडेदहाला ना?”