वळणावरचं पाणी

“आये, तुला उतार झेपायचा नाय,” केरू तिसऱ्यांदा म्हणाला.

अंबूबाईने काठी टेकली आणि अंगणाबाहेर पाऊल टाकलं. “तुला यायचं नसंल तर नको येऊस. मी पूनमचा हात धरून जाईन.”

केरू चपला घालून आईच्या आणि बायकोच्या मागोमाग निघाला.

वाडीपासून उमरठच्या रस्त्यापर्यंत अर्ध्या तासाची वाट. अंबूबाईला दीड तास लागला. चार वर्षांपूर्वी ती भरल्या हंड्यासकट घसरली आणि खुबा मोडला. तीन महिने खाटेला खिळली. उठली ती कमरेत वाकूनच. आता समोरच्याचं तोंड बघायचं तर तिला मान तिरकी करावी लागे. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं. सकाळी लुगडं नेसवताना पूनम म्हणालीसुद्धा, “आई, निऱ्या संपतच नाहीत.”

पण आज तिला कुणी अडवू शकलं नसतं. आज ज्योती येणार होती.

आठवड्यापूर्वी पूनम मोबाइल बघत बसली होती. महाडला मॅरेथॉन होती. बायकांची हाडं फुकट तपासणाऱ्या एका संस्थेला मदत म्हणून बेचाळीस किलोमीटर पळायचं. महाडहून सुटायचं, पोलादपूर मागं टाकून उमरठच्या रस्त्यावर वळायचं, की परत महाड. पळणारे एकेक जण दोन वाक्यं बोलत होते. अचानक अंबूबाईने सुनेचं मनगट धरलं.

“थांब गो! ही माझी ज्योती हाय.”

“माझी आई डोंगरावर राहायची,” पडद्यावरची बाई सांगत होती. “हंडे वाहून वाहून तिची हाडं झिजली. कुणी कधी तपासली नाहीत. मी तिच्यासाठी धावणार आहे.”

बारा वर्षांनी लेकीचा आवाज कानावर पडत होता. अंबूबाईने तो चारपाच वेळा लावायला सांगितला. तेवढ्यात केरू आला. त्याने ऐकलं आणि मोबाइल उचलून बाहेर नेला. “चार्जिंग संपवताय उगाच,” म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी ज्योतीने जातीबाहेर लग्न केलं. नवऱ्याला घेऊन ती पाया पडायला आली, तेव्हा तिच्या बापाने, कोंडाजीने दार लोटलं आणि बायकोला म्हणाला, “कडी घाल.” अंबूबाईने घातली. बाहेर ज्योती बराच वेळ उभी होती. तिच्या बांगड्या दारावर वाजत होत्या. मग वाजायच्या थांबल्या.

खुबा मोडल्यावर मात्र अंबूबाईने नवऱ्यापुढे हात जोडले. माझ्या लेकीला कळवा, एकदा बघू दे मला. शेवटी कोंडाजी केरूला घेऊन पोलादपूरला गेला आणि तिथून फोन झाला.

“काय म्हनली रे?” तिने खाटेवरून विचारलं होतं.

“रडली,” केरू म्हणाला. तेवढंच.

ज्योती आली नाही. अंबूबाई दाराकडे तोंड करून झोपायची. पुढच्या वर्षी कोंडाजी गेला, तरी लेक आली नाही. तिचं मन दगड झालं असेल, असं अंबूबाईने स्वतःला समजावलं होतं. आणि आता हे. लेक आपल्यासाठी पळतेय!

वळणावर मांडव होता. टेबलांवर पाण्याचे पेले, केळी, लिंबाच्या फोडी. महाडहून आलेले बुद्धरत्न गुरुजी माइकवर येणाऱ्याजाणाऱ्यांचं कौतुक करत होते. मांडवातल्या पोरींनी अंबूबाईला खुर्ची दिली. तिने ती नाकारली आणि टेबलाच्या कडेला पेला धरून उभी राहिली. कमरेला नाचणीच्या लाडवांची पुरचुंडी होती.

“मी जरा येतो,” म्हणून केरू पाणी आणलेल्या टेम्पोमागे गेला, तो गेलाच.

“त्या दिसल्या की मी हाक मारते,” पूनम म्हणाली. ती या घरात आली ज्योती गेल्यानंतर. नणंदेने तिला पाहिलेलं नव्हतं.

“नको गो. कडी मी घातली व्हती. मी कुठल्या तोंडानं हाक मारू? तिनं वळखलं, थांबली, तर राग गेला म्हनायचं.”

ऊन वर आलं. पळणारे यायचे, वळायचे, जायचे. अंबूबाईची मान अवघडली होती.

आणि ज्योती आली. कानशिलाजवळ केस पिकलेले, गालावर घामाचं मीठ. पाऊल मात्र तेच, पावसाळ्यात गुरांमागे डोंगर चढायचं तसं. ती सरळ अंबूबाईच्याच समोर थांबली.

“द्या आजी.”

तिने पेला घेतला. बोटांना बोटं लागली. अंबूबाईने पुरचुंडी पुढे केली.

“आत्ता नको आजी, पळताना पोटात दुखेल.” ज्योतीने पेला रिकामा केला. मग तिची नजर त्या वाकलेल्या कमरेवर गेली. तिने अलगद पाठीवर हात ठेवला. “दुखतं ना खूप? अंगावर काढू नका. पोलादपूरला आमचं शिबिर लागलंय, तपासून घ्या. एवढं ऐका माझं.”

अंबूबाईने तिचा हात धरायला बोटं पुढे केली.

“येते हं,” म्हणून ज्योती वळली आणि पळू लागली.

“नाय वळखलं,” अंबूबाई म्हणाली. “का वळखून नाय बोलली गो? आजून राग हाय तिला.” तिने पुरचुंडी छातीशी धरली. पूनम नुसतीच तिचा खांदा चोळत राहिली.

मांडवातून बुद्धरत्न गुरुजींचा आवाज घुमला. “मंडळी, या ताईंसाठी जोरदार टाळ्या! त्यांच्या पाठीवर काय लिहिलंय, मी वाचून दाखवतो: ‘माझी आई, कै. अंबूबाई कोंडाजी कोंढाळकर, हिच्या चौथ्या स्मृतिदिनी.’”