हाताचा वास

टोमॅटोची तोडणी संपली तशी वैजंता बांधावर बसून चौथ्यांदा राखेनं हात घासू लागली. झोळीत तिचं चार महिन्यांचं लेकरू भुकेनं रडत होतं.

"मावशी, घेऊ का आता? कधीचं रडतंय ओ."

"आधी हात हुंगू दे," मुकादमीण भामाबाई म्हणाली. "वास राहिला असंल तर शिवायचं नाही."

टोमॅटोवरच्या अळ्या मारायला शेतात बारीक गांधीलमाशी सोडलेली होती. पूर्वी ती खुडलेल्या पाल्याच्या वासावर यायची आणि पानावरची अळी हुंगून, ओळखून तिच्याच अंगात अंडी घालायची. कुठलीही अळी चालावी म्हणून प्रयोगशाळेनं तिच्यातलं अळी ओळखणारं जनुक काढून टाकलं. आता तिला पाल्याचा वास आणि मऊ अंग एवढंच पुरे होतं. गेल्या महिन्यात भामाबाईच्या मनगटातून डॉक्टरांनी या माशीच्या अकरा अळ्या काढल्या होत्या.

भामाबाईनं दोन्ही तळवे हुंगले आणि मान डोलावली. वैजंतानं धावत जाऊन लेकरू उचललं, पदराखाली घेतलं. ते लुचू लागलं, गप झालं.

तेव्हा तिला पदराच्या आतून बारीक गुणगुण ऐकू आली. दिवसभर हिरवे हात ती त्याच पदराला पुसत आली होती.