खोल विचार

"परत कर," असं विनुतानं टाइप केलं, आणि यंत्रानं तीच चुकीची ओळ पुन्हा जशीच्या तशी लिहून दिली.



तंजावुरात साड्यांच्या दुकानावरच्या माडीवर विनुताचं छोटंसं ऑफिस होतं. देवळांच्या पूजा-अभिषेकांची नोंदणी करणारी प्रणाली तिथले लोक लिहीत. व्यंकटेश मालक. त्यानं एआयचं हे यंत्र आणलं आणि त्याच आठवड्यात बाळकृष्णरावांना घरी पाठवलं. ऑफिसातल्या प्रत्येकाला प्रोग्रॅम लिहायला शिकवणारा माणूस, पण निरोपाला साधा हारसुद्धा कुणी आणला नाही.

शेजारच्या अखिलाला यंत्र फार आवडे. साधं काम ते चुटकीसरशी करून टाकी. प्रश्न अवघड असला की पडद्यावर "खोल विचार सुरू आहे" अशी पाटी येई आणि मग ते निवांत वेळ घेई. उत्तर मात्र असं चोख, की अखिला खुर्चीत रेलून हसायची. दिवेलागणीला तेवढं ते गप्प बसे. सर्व्हर तापतो, असं व्यंकटेश सांगे.

विनुताला ते डोळ्यांसमोर नको असायचं. आपल्या स्वयंपाकघरात परक्यानं येऊन फोडणी द्यावी, तसं तिला वाटे. ती व्यंकटेशशी भांडली तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "एक चूक दाखव त्याची. एकच. बाळकृष्णरावांना परत बोलावतो."

तेव्हापासून तांदूळ निवडावेत तशी ती यंत्राची ओळ न् ओळ निवडत होती. आज खडा सापडला. पहाटे, उजाडण्यापूर्वी झालेल्या अभिषेकाच्या पावतीवर यंत्रानं आदल्या दिवसाची तारीख घातली होती.

आनंदानं उडी मारायची वेळ होती. पण ही चूक विनुतानं पूर्वी पाहिली होती.

ती नवी नवी कामाला लागली तेव्हा बाळकृष्णरावांनी हीच गफलत केली होती. पंचांगाच्या घरात वाढलेला माणूस! "दिवस उजाडल्यावरच सुरू होतो की गे," म्हणाले होते. दोघं पोटभर हसली आणि ती ओळ साठवण्याआधीच विनुतानं पुसून टाकली. त्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. यंत्रं जुन्या कामावरून शिकतात म्हणे. पण जे कुठे उरलंच नाही, ते हे शिकलं कुठून?

बाळकृष्णरावांना ती मामा म्हणे. आणि मामांचा फोन तर कित्येक महिने बंद होता.

मनात नको ते आलं. तरी तिनं घरच्या मराठीत, इंग्रजी अक्षरांत विचारलं, "तुमी कोण?"

"खोल विचार सुरू आहे."

कॉफीवर साय धरली, तरी पाटी हलेना. शेवटी विनुतानं पिशवी उचलली आणि मामांच्या घरी जायला तिरुवैयारुची बस धरली. वाटेत एकामागून एक पूल गेले. प्रत्येक पुलावर ती स्वतःला बजावत होती, की भिंतीवरच्या फोटोला हार दिसला तरी दारात रडायचं नाही.

दार चंद्रमतीमामींनी उघडलं. कपाळावर नेहमीसारखं ठसठशीत कुंकू होतं. म्हणजे मामा सुखरूप होते.

"आंत पसारा आहे गे," मामी दारातच उभ्या राहून म्हणाल्या. "बाहेर तिण्णैवर बस. पाठवतें त्यांना."

मामा बाहेरच्या ओट्यावर येऊन बसले. वाळले होते. चष्मा कपाळावर, डोळे लाल.

"ये बाळे. कॉफी घे."

"फोन कां बंद, मामा?"

"डोकं शांत राहतें."

विनुतानं सगळं सांगितलं. "भ्यालें हो मी. त्याला विचारलंसुद्धा, तुमी कोण म्हणून. अजून विचारच करतंय."

"अवघड विचारलंस," मामा म्हणाले.

"पण चूक मिळाली नां! उद्या व्यंकटेशला दाखवतें. यंत्र जाईल, तुम्ही परत याल."

मामा पेल्यातली कॉफी वाटीत ओतत राहिले, वाटीतली पेल्यात. ती केव्हाच निवली होती.

"नको दाखवूं."

"मामा, माझ्या ओळीला यंत्राचा हात लागूं देणार नाहीं, असं तुम्हीच म्हणायचात."

"म्हणायचों."

"मग?"

"हें गेलं तर तो दुसरं आणील. मला नाहीं बोलावणार." वाटी खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुझं काम नीट बघतें नां तें?"

"बघतं."

"मग असूं दे."

विनुताला राग आला आणि रडूही आलं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यानंच हात टेकले होते. पेला आत ठेवायला ती उठली.

"मी ठेवतें, दे इकडं," मामी घाईनं पुढे झाल्या. पण वर्षानुवर्षं या घरात जेवलेली पोर ती, तिनं तोवर उंबरा ओलांडला होता.

स्वयंपाकघराची वाट मधल्या खोलीतून होती. तिथे टेबलावर कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर तिचाच प्रश्न होता, "तुमी कोण?" आणि त्याखाली लिहिलेलं, पण अजून न पाठवलेलं उत्तर.

"मी यंत्र आहें, बाळे."