कुंभोजकरांचा चहा

उंट तिरका सरकवून कुंभोजकरांनी शालनताईंचा वजीर असा कोंडला, की त्याला पळायला घरच उरलं नाही. क्लबच्या स्पर्धेत दरवर्षी ताईंकडून मार खाणारे कुंभोजकर आज तोंडभर हसत उठले आणि थेट चहाच्या टेबलाकडे निघाले.

ताईंनी कपाळाला हात लावला. मग सहज पटाशेजारच्या घड्याळाकडे पाहिलं. चाल केली की आपल्या बाजूची कळ दाबायची, म्हणजे समोरच्याची वेळ सुरू होते; ज्याची वेळ आधी संपेल, तो हरला. आनंदाच्या भरात कुंभोजकर कळ दाबायलाच विसरले होते. त्यांचीच वेळ पळत होती, आणि उरली होती जेमतेम पाच-सहा मिनिटं.

सांगायचं बंधन नव्हतं. पण असं जिंकणं ताईंना पटेना. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात कुंभोजकरच चहा फुंकत, दोन मित्रांना घेऊन आले.

"घ्या वेळ, ताई," पटाकडे न बघताच ते मोठ्या मनाने म्हणाले. "वजीर काही वाचत नाही तुमचा. पण मला घाई नाही."

मित्र हसले. ताईंनी तोंड मिटलं आणि पुन्हा कपाळाला हात लावला.

दुसरा चहा संपवून कुंभोजकर परतले, तेव्हा पंच घड्याळावरचं शून्य बघत उभे होते.

"अहो ताई, सांगायचं तरी," कुंभोजकर कळवळले.

"सांगणारच होते," सोंगट्या डब्यात भरत ताई म्हणाल्या. "पण तुम्हाला कुठे घाई होती?"