पेवावरचा चिरा

कस्तुराबाईनं पहार आणून नवऱ्यापुढं आदळली.

"आज पेव उघडायचं. तुम्ही उघडा, न्हायतर मी उघडते."

श्रीमंतनं पहारीकडं पाहिलं, मग अंगणात जमिनीखालच्या धान्याच्या पेवावर बसवलेल्या चिऱ्याकडं. "ओल लागलीय त्याला. जोंधळा नासंल."

"नऊ वर्षं त्या ओलीला ऊन दिसंना व्हय? घरात पोती, पोत्यात उंदरं, अन् दारात एवढं मोठं पेव रिकामं! लोक हसत्यात मला."

"भाकर तर खाऊ दे."

"खा की! गडबडीच्या साली जग भीतीनं उपाशी निजत होतं, तवा तुमची भूक वाढली. रोज बारा भाकरी! तांबड्या काठाची दुरडीसुद्धा राहिली न्हाय."

दुरडी मात्र गल्लीतल्या मथुराबाईनं ढापली, याबद्दल कस्तुराबाईला तिळमात्र शंका नव्हती. तेव्हापासून दोघींचा अबोला होता.

ओल लागायला कारणही तसंच होतं. पेवाच्या तोंडावरल्या चिऱ्याची एक कड कुणीतरी फोडलेली, मूठ जाईल एवढी. धडधाकट चिरा कोण फोडतं? विचारलं की श्रीमंत त्यावर कोंबड्यांचं डालगं सरकवी आणि गप्प बसे.

गप्प माणसाचा कस्तुराबाईला भारी तिटकारा. तिच्या घराला कुलूप नव्हतं, पेटीला कडी नव्हती. प्रभूला सगळं दिसतं, मग माणसापासून काय झाकायचं? शपथ ती कधी घेत नसे. व्हय तर व्हय, न्हाय तर न्हाय. निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या साली कुऱ्हाडी घेतलेली माणसं ह्याच अंगणात येऊन उभी राहिली, घरात कोण लपलंय म्हणून दरडावू लागली. कस्तुराबाई उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "कुणी न्हाय. आमी दोघं अन् ही शेळी." माणसं आल्या पावली परत गेली. कस्तुराबाईचा शब्द म्हटल्यावर घर कोण झडतंय? चर्चच्या दर नव्या पाळकसाहेबाला ती ही गोष्ट चहाच्या आधी सांगे.

आणि अशा बाईचा नवरा झाकपाक करणारा!

त्यात शेजारची फातिमाबी सामील. गडबडीत ती लेकीला, अन्वरीला घेऊन बार्शीला भावाकडं गेली होती म्हणे. महिन्यानं परतली ती कान मोकळे, गळा मोकळा. तेव्हापासून दर ईदेला शिरखुर्मा घेऊन यायची. बाज टाकली तरी बाजेवर बसायची नाही. चिऱ्यावरच टेकायची, त्यावरून हात फिरवायची. आणि गेल्याच आठवड्यात कस्तुराबाईनं आपल्या कानांनी ऐकलं होतं, "भाऊ, बाईस्नी कळू देऊ नका. त्यांचं मन मोडंल."

म्हणजे सोनं. फातिमाबीचं सोनं ह्या पेवात, आणि आपला नवरा त्याच्यावर नाग होऊन बसलेला. बायकोला पत्ता नाही!

"रविवारी प्रभुभोजन हाय," कस्तुराबाई म्हणाली. "पाळकसाहेब तुम्हाला पंच नेमणार. हे पेव बंद राहिलं तर मी भर देवळात उभी राहून सांगणार, ह्यांच्या पोटात काहीतरी काळंबेरं हाय, ह्यांना पंच करू नका."

"कस्तुरा, तुझ्या पोटात काय बी राहत न्हाय."

"न्हायच राहत! अन् त्याची मला लाज बी न्हाय."

श्रीमंत तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग उठला, डालगं बाजूला केलं आणि पहार घातली.

चिरा सरकला. आतून कोंदट भपकारा आला.

"लगेच वाकू नको. कोंडलेली हवा असती."

"तुमच्यापेक्षा बरी असंल," ती म्हणाली, पण थांबली.

पहारीचा आवाज ऐकून फातिमाबी धावत आली. उघडं पेव बघून जागीच उभी राहिली.

"भाऊ, हे काय केलंत?"

"या, या! तुमचीच वाट बघत होते," कस्तुराबाई म्हणाली. "आता सोनं निघंल तवा बोला."

"सोनं?" फातिमाबीनं श्रीमंतकडं पाहिलं. "सोनं तर तवाच विकून खाल्लं बाई, बार्शीला."

"कळंल की आता."

कस्तुराबाईनं दोराला कंदील बांधून आत सोडला. ज्योत विझली नाही. मग ती चिऱ्याशेजारी पालथी पडली आणि डोळे बारीक करून बघू लागली.

डबोलं नव्हतं. एक वाकळ होती, बुरसलेली. तोटीचा बधना होता, फातिमाबीच्या घरी पाण्याला असतो तसला. पोरीबाळींच्या हातातल्या हिरव्या बांगडीचे दोन तुकडे होते.

तिनं कंदील आणखी खाली सोडला. कोपऱ्यात एक दुरडी होती. तांबड्या काठाची.

कस्तुराबाईनं दोर तसाच धरून मान वळवली आणि नवऱ्याकडं पाहिलं. श्रीमंत पहार टेकून शेळीकडं बघत उभा होता.

फातिमाबी जवळ येऊन बसली. चिऱ्याच्या फुटक्या कडेवर तिनं हात ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही उंबऱ्यात 'कुणी न्हाय' म्हणालात, तवा खाली अन्वरीच्या तोंडावर माझा हात होता."